सहीमागचे वाचन

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. २०२५ च्या आरंभी ते काम पुरे झाले, तेव्हा सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर गेले होते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि बनावट परवानग्यांच्या आधारे तेथील घरे विकली गेली, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. घर घेणाऱ्यांच्या हाती कागद होते, कागदांवर सह्या होत्या, सह्यांवर शिक्के होते. त्या सह्यांमागे कोणी काही पाहिले आणि तपासले असेल, हा विश्वास तेवढा खोटा ठरला. त्याच वर्षी २७ ऑगस्टच्या मध्यरात्री विरारच्या विजय नगरातील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. ‘मंजुरी’ या शब्दाचा अर्थ वसई-विरारच्या रहिवाशाला शब्दकोशात पाहावा लागत नाही. मंजुरी कोणी दिली, नेमकी कशाला दिली आणि जे मंजूर झाले तेच उभे राहिले काय, हे तीन प्रश्न त्याच्या पुरते अंगवळणी पडले आहेत.

हेच तीन प्रश्न आज एका वेगळ्या बांधकामासंबंधी विचारण्याची वेळ आली आहे. ते बांधकाम डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्या आश्रयाने राहणाऱ्यांची संख्या कोणत्याही शहराहून मोठी आहे. सकाळी विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमधील प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी ‘लिनक्स’ नावाची आज्ञावली असते. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा गुप्त व्यवहार अनेकदा ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीच्या भरवशावर चालतो. या आज्ञावली मुक्त स्रोत प्रकारच्या आहेत. त्यांचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कोणालाही वाचता येतो आणि त्यात कोणालाही बदल सुचविता येतो. यांपैकी कित्येकांची मालकी कोणा एका कंपनीकडे नसते आणि कित्येकांच्या कर्त्यांना पगारही नसतो. मुंबईत वाढलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवसायाचे हिशेब सांभाळणारी प्रणालीही याच परंपरेतील आहे. जे सर्वांचे आहे त्यात कोणी काहीही घुसडू नये, याची व्यवस्था मग कशी करायची?

व्यवस्था तत्त्वतः सोपी आहे. बदल सुचविणाऱ्याने तो थेट मूळ प्रतीत लिहायचा नाही. प्रस्ताव म्हणून ठेवायचा. दुसऱ्या जाणकाराने तो ओळीओळीने वाचायचा, शंका काढायच्या, दुरुस्त्या सुचवायच्या आणि समाधान झाल्यावर मान्यता द्यायची. त्यानंतरच तो मूळ प्रतीत विलीन व्हायचा. यालाच कोड-रिव्ह्यू म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ साली प्रोग्राम लिहिण्याच्या कामी शिस्तबद्ध तपासणीची पद्धत मांडली, तेव्हा मुक्त स्रोताची चळवळ जन्मालाही आली नव्हती. आणि सरकारी कचेरीत हयात घालविलेल्या लिपिकाला तर यात काहीच नवल वाटणार नाही. टिप्पणी लिहिणारा वेगळा, ती तपासणारा वेगळा आणि मान्यता देणारा वेगळा, हा नस्तीचा नियम त्याने पहिल्या दिवशीच शिकलेला असतो. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका परीक्षकाने तपासल्यावर त्यांतील काही नियामकाकडे पुन्हा का जातात, हे शिक्षकांनाही कोणी समजावून सांगायला नको.

अलीकडच्या काळात या नियमाची अंमलबजावणी माणसाच्या सद्‍बुद्धीवर न सोपविता यंत्राकडे दिली गेली आहे. ‘गिटहब’सारख्या ज्या व्यासपीठांवर हजारो मुक्त स्रोत प्रकल्प नांदतात, तेथे प्रकल्पाच्या प्रमुखाला काही सेटिंग्ज ठरविता येतात. विलीन होण्यापूर्वी किती जणांची मान्यता हवी? ठरावीक भागाच्या जाणकाराचीच मान्यता हवी काय? मान्यता मिळाल्यानंतर प्रस्तावात फेरफार झाला तर आधीची मान्यता टिकेल की रद्द होईल? आणि हे नियम प्रमुखालाही लागू राहतील की त्याला सूट असेल? वरवर पाहता ही किरकोळ बटणे आहेत. पण प्रत्येक बटणामागे सत्ता आणि विश्वास यांसंबंधीचा एकेक जुना वाद दडलेला आहे. गिटहबवर प्रस्तावकर्त्याला स्वतःच्याच प्रस्तावाला मान्यता देता येत नाही. परंतु नवा प्रकल्प उघडला की मान्यतेची सक्ती आपोआप लागू होते, असे मात्र नाही. ती कोणीतरी जाणीवपूर्वक लावावी लागते. ती लावली तरी प्रशासकाचे अधिकार असणाऱ्यांना नियम मूलतः बंधनकारक नसतो. त्यांनाही तो बांधावा, असे आणखी एक बटण स्वतंत्रपणे दाबावे लागते. नियम करणाराच नियमाबाहेर राहतो, ही मानवी सवय यंत्रातही उतरली आहे.

करणारा आणि तपासणारा एकच असू नये, या नियमाची किंमत मुंबईने याआधीही मोजली आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतील प्रकरण २०१८ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीशी जोडलेलीच नव्हती. त्यामुळे तेथून गेलेल्या संदेशांची नोंद बँकेच्या हिशेबात उमटत नव्हती. नोंद करणारा व तपासणारा वेगळा हवा, हा नियम कागदावर होताच. पण कागदावरच्या नियमाला आणि चालत्या यंत्राला जोडणारा दुवा नसला, तर नियम कसा निकामी ठरतो, याचा तो धडा होता. त्या महिन्यात बँकेने सांगितलेला आकडा ११ हजार कोटी रुपयांहून अधिक होता.

या साऱ्या बटणांपैकी सर्वांत महत्त्वाचे कोणते? बहुतेकांचे लक्ष संख्येकडे जाते. एकाऐवजी दोघांची मान्यता ठेवावी, दोघांऐवजी तिघांची ठेवावी, म्हणजे काम चोख होईल, असा एक समज असतो. कचेऱ्यांचा अनुभव नेमका उलट आहे. सात सह्यांच्या नस्तीवर खरे तर कोणाचीच सही नसते. पहिला म्हणतो, पुढे सहा जण पाहणारच आहेत. सातवा म्हणतो, मागे सहा जणांनी पाहिलेच असेल. अधिक महत्त्वाचा प्रश्न मान्यता नेमकी कशाला चिकटलेली आहे, हा आहे. ती व्यक्तीला चिकटते, की प्रस्तावाच्या नावाला, की प्रत्यक्ष वाचलेल्या मजकुराला? सकाळी मान्यता मिळालेल्या प्रस्तावात दुपारी चार ओळी वाढविल्या आणि तरीही सकाळची मान्यता हिरवी खूण मिरवीत राहिली, तर त्या चार ओळी कोणीच न वाचता आत जातात. दोन मजल्यांचा नकाशा मंजूर करून घ्यायचा आणि चार मजले चढवायचे, यापेक्षा यात वेगळे काय आहे? म्हणूनच मजकूर बदलताच जुनी मान्यता रद्द करणारे सेटिंग ही तांत्रिक खोडी नव्हे. सही ज्याने जे वाचले त्याचीच साक्ष असते, त्यापलीकडे तिला अर्थ नाही, हे तत्त्व त्यात यंत्राच्या भाषेत लिहिलेले आहे. गिटहबने अगदी शेवटचा फेरफार ज्याने केला त्याच्याखेरीज दुसऱ्याच कोणाची तरी मान्यता मागण्याची सोय केली आहे, तीही याच विचारातून.

लिनक्सच्या कर्त्यांना हे फार पूर्वी उमगले होते, असे म्हणावे लागेल. लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या या प्रकल्पात बदल आजही मुख्यतः ई-मेलने पाठविले जातात. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठविणाऱ्याची व पुढे नेणाऱ्याची नावनिशी असते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, तेथे सर्व सह्या एका तोलाच्या मानलेल्या नाहीत. ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे बारकाईने तपासून पाहिले. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे प्रत्यक्ष चालवून पाहिले. आणि ‘अ‍ॅक्ड-बाय’ म्हणजे हरकत नाही, मात्र प्रत्येक ओळ तपासल्याचा दावाही नाही. ‘पाहिले’, ‘तपासले’ आणि ‘मान्य’ या तीन शेऱ्यांतील फरक जाणणाऱ्या मुरलेल्या लेखनिकाला ही व्यवस्था मनापासून आवडेल. सही करणाऱ्याने आपण नेमके काय केले ते सांगितले पाहिजे, एवढीच तिची मागणी आहे.

नियम नसले की काय घडते, याचे उदाहरण २०२१ साली जगापुढे आले. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या ‘पीएचपी’ भाषेत लिहिलेली आहेत, तिच्या मूळ कोडमध्ये २८ मार्च रोजी दोन घातक बदल शिरले. ते बदल त्या भाषेचे जनक रास्मस लेरडॉर्फ आणि प्रमुख विकासक निकिता पोपोव्ह यांच्या नावांवर नोंदलेले होते. दोघांनीही ते केलेले नव्हते. एका बदलाला शुद्धलेखनाच्या दुरुस्तीचे निरुपद्रवी रूप दिले होते. आत मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविण्याची चोरवाट होती. नालासोपाऱ्यात बनावट परवानगी, येथे बनावट नाव, प्रकार एकच. सुदैवाने बदल आत गेल्यावरही ते वाचून पाहण्याची शिस्त तेथे होती. त्यामुळे काही तासांतच ही लबाडी पकडली गेली आणि ती प्रत लोकांपर्यंत पोहोचली नाही. त्यानंतर प्रकल्पाने स्वतःचा सर्व्हर सोडून गिटहबचा आश्रय घेतला आणि सदस्यांना दुहेरी ओळखपडताळणी सक्तीची केली. सहीची ओळख पटविण्याचा बंदोबस्त झाला, तो योग्यच झाला. तरीही हे लक्षात ठेवले पाहिजे की, चोर ओळखपडताळणीमुळे सापडला नव्हता. तो कोणीतरी वाचल्यामुळे सापडला.

आणि वाचणारा असूनही चूक निसटते, हेही तितकेच खरे. ओपनएसएसएलमध्ये २०११ च्या ३१ डिसेंबरला एक बदल दाखल झाला. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिला होता, दुसऱ्या जाणकाराने तपासला होता. समोरचा संगणक जेवढ्या लांबीचा मजकूर पाठविल्याचे सांगतो तेवढा तो खरोखरच आहे काय, एवढी एक पडताळणी दोघांच्याही नजरेतून सुटली. परिणामी सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर कोणालाही बाहेर खेचता येऊ लागला. ‘हार्टब्लीड’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. तोवर सुमारे पाच लाख सुरक्षित संकेतस्थळे त्याच्या कक्षेत आली होती, असा अंदाज होता. जगाच्या बँकव्यवहारांचा भार वाहणाऱ्या या प्रकल्पाकडे तेव्हा पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणग्यांची वार्षिक बेरीज दोन हजार डॉलरच्या आसपास होती. आज तेथे बदलाला दोन अधिकृत तपासनिसांची मान्यता लागते आणि मान्यतेनंतरही विलीन करण्यापूर्वी एक दिवस थांबावे लागते. उशिरा आलेल्या आक्षेपालाही दार उघडे ठेवणारा हा एक दिवसाचा विराम अनुकरणीय आहे.

परंतु सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण २०२४ चे आहे. ‘एक्सझेड’ ही मजकूर दाबून लहान करणारी साधी आज्ञावली फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने आणि विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून ‘जिया तान’ हे नाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने तेथे उपयुक्त बदल पाठवायला सुरुवात केली. काम मंद चालले आहे, सूत्रे दुसऱ्याकडे द्या, असा धोशा इतर काही अनोळखी नावांनी लावला. हळूहळू त्या व्यक्तीला सहव्यवस्थापकाचे अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत चोरवाट बसविलेली होती. तिचा गाभा चाचणीच्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फाइलींत लपविलेला होता, आणि ती जागी करणारा तुकडा तर सर्वांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हताच. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. नकाशा एक, इमारत दुसरी! दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, अशी शंका आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आली. त्याने तिचा पिच्छा पुरविला आणि २९ मार्च रोजी सारा बनाव जाहीर केला. आणखी काही आठवडे गेले असते तर ती आवृत्ती जगभरच्या सर्व्हरांवर जाऊन बसली असती.

या प्रकरणात कोणते बटण उपयोगी पडले असते? दोघांची मान्यता सक्तीची केली असती तरी ते दोघे म्हणजे एक थकलेला स्वयंसेवक आणि एक घुसखोर. जुन्या मान्यता आपोआप रद्द झाल्या असत्या तरी वितरणाच्या गठ्ठ्याकडे कोणी पाहत नव्हतेच. याचा अर्थ नियम निरर्थक आहेत असा नव्हे. कुलूप फोडता येते म्हणून कोणी दार उघडे टाकून झोपत नाही. याचा अर्थ एवढाच की, नियम वाचणाऱ्याला जागा करून देतो. वाचणारा निर्माण करीत नाही. जेथे वाचणाराच नाही तेथे कितीही कडक सेटिंग लावले तरी त्यातून निपजतो तो शिक्काच.

येथे आक्षेप असा घेतला जातो की, ही सक्ती छोट्या प्रकल्पांना मारक आहे. एकट्या माणसाने दुसऱ्याची मान्यता आणायची कोठून? तो एक तर नियम काढून टाकील, किंवा मित्राला न वाचताच हिरवी खूण करायला सांगेल. आक्षेप खोटा नाही. ‘लुक्स गुड टु मी’ या चार इंग्रजी शब्दांची ‘एलजीटीएम’ ही आद्याक्षरे मान्यतेचा शेरा म्हणून जगभर वापरली जातात, आणि पाचशे ओळींच्या बदलाखाली दोन मिनिटांत ती उमटलेली दिसली की संशय यावा, हे स्वाभाविक आहे. पण त्यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. एकट्याने चालणाऱ्या प्रकल्पाने आपण एकट्याने चालतो हे उघड सांगावे, आणि त्यावर विसंबणाऱ्या बँका, कंपन्या व सरकारे यांनी वाचणारा माणूस पुरवावा किंवा त्याचा पगार द्यावा. भारत सरकारने २०१५ साली सरकारी कामासाठी मुक्त स्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ती फुकट मिळते म्हणून तिची तपासणीही फुकट होते, असे समजणे ही मात्र फसवी काटकसर आहे.

या बाबतीत वसई-विरारच्या तरुणांना दूरस्थ प्रेक्षकाची भूमिका घेता येणार नाही. वसईच्या विद्यावर्धिनीसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि या पट्ट्यातील संगणकशास्त्राच्या वर्गांतून दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांतील कित्येक जण मुक्त स्रोत प्रकल्पांत नाव नोंदविण्याची आकांक्षा धरतात. आकांक्षा चांगली आहे. पण ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ठरावीक चार बदल पाठविणाऱ्याला टी-शर्ट मिळणार म्हणून जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक प्रस्तावांचा जो पूर आला, त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, हे कटू असले तरी खरे आहे. माहितीपत्रकात एखादे विशेषण घुसवायचे आणि मान्यतेची वाट पाहायची! संयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले. या प्रकाराने वाया गेले ते वाचणाऱ्यांचे तास, आणि या साऱ्या व्यवस्थेत खरी टंचाई त्याच तासांची आहे. लिहिणारे उदंड आहेत. दुसऱ्याचे लिहिलेले मन लावून वाचणारे थोडे आहेत.

शिक्षणाची जबाबदारी येथे सुरू होते. प्रोग्राम लिहिण्यास गुण देणारी महाविद्यालये दुसऱ्याचा प्रोग्राम तपासण्यास क्वचितच गुण देतात. वर्षअखेरीच्या प्रकल्पात चार विद्यार्थ्यांचा गट असतो. एक लिहितो, तिघे सही करतात, ही गोष्ट शिक्षकांपासून लपलेली नाही. त्याच प्रकल्पात प्रत्येकाने दुसऱ्याच्या कोडवर लेखी आक्षेप नोंदविले पाहिजेत, मान्यतेनंतर फेरफार झाल्यास ती पुन्हा घेतली पाहिजे आणि मार्गदर्शक प्राध्यापकही या नियमाला अपवाद नसेल, असे ठरविण्यास सरकारी अनुदान लागत नाही. ‘मला हे कळले नाही, समजावून सांगा’ असे वरिष्ठाच्या कोडखाली लिहिण्याचे धैर्य ज्याला वर्गात आले, तो उद्या कचेरीतही न वाचलेल्या कागदावर सही करताना अडखळेल. त्या अडखळण्यातच समाजाची सुरक्षितता आहे.

मंजुरी म्हणजे एक अडथळा, तो लवकर ओलांडावा, अशी समजूत बांधकामात रूढ झाली तेव्हा तिची किंमत अग्रवाल नगरीतील कुटुंबांनी दिली. त्यांतील कोणी तो कागद बनविला नव्हता. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला होता. न दिसणाऱ्या बांधकामात तीच समजूत रुजली, तर किंमत देणाऱ्यांना आपले घर कोठे होते हेही कळणार नाही. एके दिवशी खाते रिकामे दिसेल किंवा रुग्णालयाचा संगणक बंद पडेल, इतकेच. कोडच्या मान्यतेची सेटिंग्ज हा म्हणून केवळ संगणकवाल्यांच्या आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. मान्यता दुसऱ्याचीच हवी, ती वाचलेल्या मजकुरापुरतीच हवी, मजकूर बदलताच ती संपली पाहिजे, प्रमुखालाही तिच्यातून सूट नको, आणि वाचणाऱ्याला वाचण्यापुरता वेळ व वेतन मिळाले पाहिजे. यांपैकी पहिल्या चार गोष्टी एका दुपारीत बटणे दाबून साधता येतात. पाचवीसाठी पैसा लागतो आणि धीर लागतो. तिच्यावाचून पहिल्या चारही शोभेच्या ठरतात.